ई-माउंटन सायकलला जास्त पकडीचे टायर कोणते घ्यावे? (मुरूम, पांदण आणि घाट)

पांदणवाला
राम राम मंडळी. मुक्काम अचलपूर तालुका. ई-माउंटन सायकल आहे, मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर, टायर २७.५ × २.१, सायकलसोबत आले तेच. सायकल बॅटरीसकट २४ किलो, मी ७५. रोजचा रस्ता म्हणजे थोडं डांबर, मग मुरूम, अन् शेवटचा तुकडा काळ्या मातीची पांदण. सवड मिळाली की परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे, जमेल तितकं डांबर सोडून.

त्रास दोन. चढावर मुरूम सैल असला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, सायकल पुढे सरकत नाही. आणि उतारावर वळणात बारीक गिट्टी आली की पुढचं चाक घसरतं. टायरची बटणं बुटकी आहेत, मधोमध तर इतकी जवळजवळ की सलग पट्टीच वाटते. झिजलेले नाहीत म्हणून बदलायचं जिवावर येतं, पण मृग लागायच्या आत सोक्षमोक्ष लावायचा आहे. रुंद घेऊ, मऊ रबराचे घेऊ, की मोठ्या बटणांचे? दोन्ही चाकांना सारखेच लागतात का?

वऱ्हाडी_ठेचा
काळ्या मातीत पकड पाह्यजे असंन तं बंडी घे भाऊ. बैलाले टॉर्क सेन्सर जन्मापासून असते, अन् चार्जिंगले फक्त कुटार लागते.

नागपुरी_संत्रा
बैल उताराले ब्रेक नाही लावत बे.

वऱ्हाडी_ठेचा
तुह्या सायकलीचे तरी लागतात काय?

घाटवळण
बैलांचं नंतर पाहू. पांदणवाला, आधी हवा किती आहे ते सांग. "टाइट आहे" असं नको, आकडा पाहिजे.

पांदणवाला
आमच्या पंक्चरवाल्या काकाजींचं गेज म्हणजे अंगठा. शेजारच्याकडून खरं गेज आणून लावलं. मागे ५२, पुढे ४८ पीएसआय.

घाटवळण
मग टायरचे पैसे सध्या खिशातच ठेव. पन्नास पीएसआयला टायर खड्यावर बसत नाही, खड्यावरून उडतो. हवा कमी असली की तो जमिनीवर पसरतो, खड्याच्या आकाराप्रमाणे दबतो आणि एकाच वेळी जास्त बटणं टेकतात. तुझं वजन आणि आत ट्यूब धरून मागे ३०, पुढे २६ पासून सुरू कर. मग दोन-दोन पीएसआय उतरवत जा. दगडावर रिम ठणकन वाजली की दोन परत भर. त्याच्या खाली गेलास तर दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

हवेनं अर्धं काम होईल, सगळं नाही. तू बटणांचं जे वर्णन केलंस तो डांबर आणि कोरड्या घट्ट वाटेचा टायर आहे. सरळ जाताना मधली बटणं काम करतात, सायकल कलली की कडेची. तुझ्या टायरला कडेला उंच, जाड बटणं नसतील तर वळणात पुढचं चाक जाणारच. म्हणून पहिला खर्च पुढच्या टायरवर. मागचं घसरलं तर आपण पाय टेकवून सावरतो, पुढचं घसरलं की थेट कोपर सोलतं. मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ किंवा श्वालबेचा मॅजिक मेरी हे पुढच्या चाकासाठी जगभर चालणारे टायर आहेत. मागे इतका दांडगा नको, बॅटरी पितो.

मास्तर_वाशीम
घाटवळण यांच्या आकड्यांत आपलं ऊन मिळवायला हवं. पहाटे २५ अंशांत ३० पीएसआय भरली आणि दुपारी ४५ अंशांत गाडी काढली तर किती होते? गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतं, म्हणून आधी १४.७ मिळवा. झाले ४४.७. अंश सेल्सिअस केल्विनमध्ये नेऊन ३१८ भागिले २९८ ने गुणा, आले ४७.७. त्यातून १४.७ वजा, म्हणजे ३३. नुसत्या सावलीच्या तापमानाने तीन पीएसआय वाढले. उन्हात उभ्या सायकलीचं काळं रबर याहून कितीतरी तापतं. मे महिन्यात निघायच्या वेळेलाच गेज लावा, आदल्या रात्रीचा आकडा धरू नका.

नागपुरी_संत्रा
सर, वही तपासून घेता का?

मास्तर_वाशीम
पाढे येत असतील तर आण.

सायकल_दवाखाना
वर्ध्यात सायकल दुरुस्तीचं काम करतो, त्यावरून बोलतो. चढावर चाक जागीच फिरतं यात टायर निम्मा दोषी, सेन्सर निम्मा. आपल्याकडच्या बऱ्याच हब मोटरच्या सायकलींत पेडल फिरतंय की नाही एवढंच पाहणारा सेन्सर असतो. तुम्ही किती जोर लावता हे त्याला कळत नाही. पेडल अर्धा फेरा फिरलं की मोटर निवडलेल्या असिस्टची, म्हणजे मदतीच्या पायरीची, सगळी ताकद एकदम सोडते. सैल मुरुमावर तो झटका कोणताच टायर धरत नाही. टॉर्क सेन्सरवाली सायकल पायाच्या जोरानुसार ताकद देते, म्हणून ती त्याच टायरवर चढून जाते.

भाऊ, चढ लागायच्या आधीच असिस्ट दोनवर आणा, गिअर हलका करा, आणि सीटवरून उठू नका. उठलात की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं. सीटच्या पुढच्या टोकाशी बसायचं, छाती हँडलकडे वाकवायची. थ्रॉटल असेल तर अशा जागी हातसुद्धा लावू नका.

कोरडवाहू
सगळे पकड-पकड करताय, काट्याचं कोणी बोलतच नाही. मी यवतमाळकडची, आमच्या पांदणीच्या दोन्ही धुऱ्यांवर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. वादळ आलं की अर्धं कुंपण वाटेत. त्यात सराटे. आणि फेब्रुवारीनंतर तूर कापलेल्या वावरातून सायकल घातली तर तिरपे कापलेले खुंट टायरच्या कडेत सुरीसारखे घुसतात. मऊ रबराचा, रबराखालचं कापड पातळ असलेला महागडा टायर तिथे एक हंगाम काढत नाही. माझं मत सरळ आहे. आधी टायरचं कापड बघा, मग रबर, मग नक्षी.

परदेशी_पाखरू
मूळ अकोट, सध्या जर्मनी. ताई, कापडाचं तुमचं बरोबर, पण रबराला शेवटी नका ढकलू. एकाच नक्षीचा टायर तीन-तीन रबरांत मिळतो आणि फरक बसल्या-बसल्या जाणवतो. श्वालबेच्या टायरवर रंगीत रेघ असते. लाल म्हणजे पळायला, निळी स्पीडग्रिप म्हणजे मधलं, नारिंगी सॉफ्ट, जांभळी अल्ट्रा सॉफ्ट. मॅक्सिसमध्ये ड्युअल कडक, मॅक्सटेरा मधलं, मॅक्सग्रिप सगळ्यात मऊ. नखानं बटण दाबून पाहिलं तर मऊ रबर हळूहळू वर येतं, कडक लगेच उसळतं. ओल्या दगडावर आणि मुळांवर हे हळू उसळणारं रबरच चिकटून राहतं.

इकडे ई-सायकलवाले साधारण पुढे मऊ, मागे त्याहून एक पायरी कडक असं लावतात. मोटरच्या जोरानं मागचं मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं. कापडाच्याही पायऱ्या आहेत. मॅक्सिसमध्ये एक्सो, मग एक्सो प्लस, मग डबलडाउन. श्वालबेमध्ये सुपर ट्रेल, सुपर ग्रॅव्हिटी. जितकं जाड तितकं जड, पण २४ किलोच्या सायकलीवर शे-दोनशे ग्रॅमनं काय होतं?

कोरडवाहू
होतं की. ते वजन चाकाच्या कडेला असतं, दर वेळी फिरवायला मोटरला तेच लागतं. आणि तुमच्याकडे मुळं आणि ओले दगड, आमच्याकडे एप्रिलमध्ये तापलेलं डांबर. अल्ट्रा सॉफ्टचा तिथे खवा होईल. 😄

परदेशी_पाखरू
ते मान्य. अल्ट्रा सॉफ्ट मी इकडेही रोजच्या डांबरावर नेणार नाही. पुढे मॅक्सटेरा किंवा नारिंगी रेघ, त्यापुढे नको.

वऱ्हाडी_ठेचा
नारिंगी, जांभळी... टायर घेऊन राह्यलो का पोळ्याले बैल सजवून राह्यलो?

रानवाट
ट्यूबलेस का नाही सुचवत कोणी? मी गडचिरोलीकडे चालवतो. ट्यूब नाही म्हणजे चिमटायची भीती नाही, २२-२४ पीएसआयवर आरामात जाता येतं, पकड आपोआप वाढते. बाभळीचा काटा घुसला तर आतलं सीलंट भोक बुजवतं. काटा लगेच उपटायचा नाही हे मात्र ध्यानात ठेवा. घरी येऊन, चाक फिरवत, काटा खालच्या बाजूला ठेवून काढायचा, म्हणजे सीलंट बरोबर भोकावर येतं.

कोरडवाहू
आणि तुरीच्या खुंटाचं भोक?

रानवाट
ते नाही बुजत. प्लग लागतो, म्हणजे भोकात ठासायची रबरी वात.

कोरडवाहू
मग घ्या! सीलंट आपल्या उन्हाळ्यात किती टिकतं तेही सांगा ना. आत रबराच्या चिकाचं पाणी सुकलं की नुसते गोळे उरतात. थंड देशात जे तीन-चार महिने चालतं, ते इथे मेमध्ये आधीच तपासावं लागतं. तालुक्याला सीलंट मिळत नाही, कुरिअरची वाट पाहायची. ट्यूबचं काय, गावात पाच जण पॅच लावून देतात.

रानवाट
वाट पाहायची नाही, एक बाटली घरात ठेवायची. पण तुमचा मुद्दा खरा आहे. बाटलीही सावलीत ठेवावी लागते.

सायकल_दवाखाना
हब मोटरवाल्यांनी याचाही विचार करा. मागचं चाक काढणं म्हणजे मोटरची वायर, नट, वॉशर, सगळी कथा. गावातले पंक्चरवाले चाक काढतच नाहीत. टायरची एक कड उघडून ट्यूब तेवढ्या भागात बाहेर ओढतात आणि सायकलीवरच पॅच लावतात. पंधरा मिनिटांत काम. त्यासाठी टायर फार ताठ नसावा. डबलडाउनसारखं जाड कापड रिमवरून उतरवताना काकाजींचे दोन पाने वाकतील आणि तुमच्या पिढ्यांचा उद्धार होईल.

दुसरं, रिमवर ट्यूबलेस लिहिलेलं नसेल तर जुगाड करू नका. कमी हवेत कड सुटली की टायर वळणात उतरतो.

धानपट्टा
गोंदियाहून. मूळ प्रश्नात चिखल होता ना? त्यावर कोणीच नाही बोललं, म्हणून बोलतो. सगळे रुंद-रुंद करत आहेत, पण चिखलाला रुंद टायर उलटा पडतो. चिखलाचे खास टायर उलट थोडे अरुंद असतात. बटणं उंच आणि लांब-लांब, म्हणजे खाली घट्ट थरापर्यंत कापत जातात आणि फिरताना चिखल फेकून देतात. मॅक्सिसचा शॉर्टी, श्वालबेचा डर्टी डॅन हे त्या जातीचे. चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात त्याचंही तत्त्व हेच, पसरट रबर काढून पाती चिखलात उतरवायची.

पण हे आमच्या धानाच्या पातळ चिखलाचं. तुमची काळी माती वेगळी. ती फेकली जात नाही.

घाटवळण
हा मुद्दा महत्त्वाचा. काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी पिऊन फुगते, म्हणून तर उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. पहिला पाऊस पडून गेला आणि वरून जरा सुकायला लागली की ती सगळ्यात वाईट. पाण्यात पूर्ण भिजलेली असताना तरी सरकते. अर्धी ओली असली की बटणांमध्ये बसते, तिच्यावर दुसरा थर, त्यावर तुरीची पानं, कुटार, आणि दहा-वीस फुटांत टायर गुळगुळीत गोल होतो. मग तो शॉर्टी असो नाहीतर कंपनीचा जुना. शेवटी माती फ्रेमला घासून चाकच अडतं. तिथे पकडीपेक्षा टायर आणि फ्रेममधली जागा महत्त्वाची. एकेका बाजूला किमान सहा मिलिमीटर पाहिजे, पांदणीसाठी जास्तच बरी.

कोरडवाहू
आणि मडगार्ड काढून ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात मोटरसायकलचंही पुढचं मडगार्ड काढतात. वाटेत माती काढायला पऱ्हाटीची काडी सायकलला बांधून ठेवलेली बरी.

वऱ्हाडी_ठेचा
ताई खरं बोलल्या. मी तं म्हंतो पांदण लागली का सायकल खांद्यावर घ्या.

नागपुरी_संत्रा
२४ किलो?

वऱ्हाडी_ठेचा
युरियाची गोणी ४५ किलोची उचलतो ना. नागपुरात राहून हात मऊ झाले तुहे.

नवखा_सायकलस्वार
मधेच विचारतो, माफ करा. या सायकलीला लायसन लागतं का? आमच्या गावात एक जण म्हणतो पोलीस पकडतात.

मास्तर_वाशीम
मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही, नोंदणी नाही, लायसन नाही. कंट्रोलर बदलून वेग वाढवला तर मग ती सवलत उरत नाही.

रानवाट
चिखलदऱ्याच्या वाटांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. डांबर सोडताना कुठली वाट वनखात्याची आहे ते विचारून घ्या. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आत परवानगीशिवाय सायकल घालता येत नाही, मग टायर कुठलाही असो. आणि पावसाळ्यात सागाची पानं. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की वाटेवर जुन्या सागपानांचा थर असतो, एकेक पान परातीएवढं. त्यावर बटणं जमिनीला पोचतच नाहीत. तिथे पुढचा ब्रेक सरळ चाकावरच मारायचा, वळणात सोडून द्यायचा.

नागपुरी_संत्रा
वाघ दिसला तर पकड कुठली लागते?

रानवाट
सायकल अंगापुढे धरायची. तेवढीच.

पांदणवाला
सगळ्यांचे आभार, धाग्यानं कामच केलं. हवा ३० आणि २६ केली. फरक आश्चर्य वाटावा इतका आहे. सैल मुरुमाच्या ज्या चढावर उतरावं लागायचं तिथे असिस्ट दोनवर, सीटच्या टोकाशी बसून, चढलो. चाक एकदा फिरलं, पण पुन्हा धरलं. वळणातलं पुढचं घसरणं कमी झालं, गेलं नाही. म्हणजे पुढचा टायर तर बदलायचाच.

आता मोजमाप. मागे चाकाजवळ फ्रेममध्ये सगळ्यात अरुंद जागी ७० मिलिमीटर आहे. पुढे फोर्कमध्ये भरपूर. रिमवर ५८४ × २१ लिहिलं आहे, ट्यूबलेसचा उल्लेख नाही. यात काय बसेल?

घाटवळण
५८४ म्हणजे २७.५ इंची रिम, टायरवरही हाच आकडा बघून घे, २९ चा ६२२ असतो. २१ म्हणजे रिमची आतली रुंदी. त्यामुळे डब्ल्यूटी लिहिलेले टायर नको, ते ३० ते ३५ मिलिमीटरच्या रिमसाठी बनवलेले असतात. तुझ्या रिमवर ते फुग्यासारखे गोल होऊन वळणात डुलतील.

मागे २.४ म्हणजे ६१ मिलिमीटर, ७० मधून गेले की बाजूला साडेचारच उरतात. पांदणीत अडकलास म्हणून समज. २.२५ म्हणजे ५७, बाजूला साडेसहा. म्हणजे मागे २.२५ च्या वर जायचंच नाही. त्या मापात मॅक्सिस आर्डेंट किंवा श्वालबे नॉबी निक बघ, मधलं रबर, जे कापड जाड मिळेल ते. पुढे मिनियन डीएचएफ २.३, तो तुझ्या रिमला बरोबर बसतो. ट्यूबच ठेव. वायर बीडचा, म्हणजे कडेत तार असलेला, स्वस्तातला मिळाला तरी चालेल, ट्यूबलेस करायचंच नाही तर बिनतारेच्या, घडी होणाऱ्या टायरचे जास्तीचे पैसे कशाला?

परदेशी_पाखरू
सहमत. फक्त पुढचा घेताना रबर बघून घे. वायर बीडमध्ये बहुधा कडक रबर येतं. पुढच्या चाकावर तिथे वाचवू नकोस.

कोरडवाहू
आणि मागच्या टायरमध्ये काट्यासाठी प्लास्टिकची आतली पट्टी टाका. जड होते थोडी, पण बाभळीला पुरते. पट्टीची टोकं ट्यूबला घासून भोक पाडतात, तेवढी सँडपेपरनं गोल करा.

पांदणवाला
ताई, पट्टी टाकली की पकड कमी होते का?

कोरडवाहू
मागे थोडी ताठ वाटते. पुढे टाकू नका.

पांदणवाला
ठरलं मग. पुढे मिनियन २.३ मधल्या रबरात, मागे आर्डेंट २.२५ आणि पट्टी. ऑर्डर अमरावतीच्या दुकानातून मागवतो. मागचा मी स्वतःच बसवणार. सायकल_दवाखाना, मोटरचं चाक काढताना काय सांभाळायचं?

सायकल_दवाखाना
बॅटरी आधी काढा. मोटरची वायर फ्रेमवर जिथे बांधली आहे ते टाय कापा, जोडणी शोधा. तिच्यावर दोन बाण असतात ते समोरासमोर आहेत याचा मोबाइलवर फोटो घ्या. ओढताना सरळ ओढा, पिळू नका, आत पिना वाकतात. नट बहुतेक १८ चा पाना घेतात. नटामागे एक वाकड्या टोकाचं वॉशर असतं, ते फ्रेमच्या खाचेत बसलेलं असतं. तेच मोटरला जागेवर फिरण्यापासून अडवतं, परत बसवताना तसंच बसलं पाहिजे, नाहीतर धुरा फिरून वायर तुटते.

टायरच्या कडेवर फिरायच्या दिशेचा बाण असतो. काही टायरांवर पुढचा आणि मागचा असे वेगळे बाण असतात, वाचून घ्या. चाक बसल्यावर हवा ४० पर्यंत भरून कड सगळीकडून सारखी बसली का बघा, मग ३० वर आणा.

वऱ्हाडी_ठेचा
धुरा फिरून वायर तुटते म्हंजे? आमच्याकडे धुरा फिरला का भावाभावात कोर्टकचेरी होते.

सायकल_दवाखाना
चाकाचा धुरा हो. वावराचा नाही. 😄

नवखा_सायकलस्वार
माझी २९ ची आहे, मुरुमाचाच रस्ता. मला पण हेच टायर चालतील का?

घाटवळण
नक्षी हीच, माप ६२२ चं. आधी रिमचा आकडा आणि फ्रेममधली जागा मोजून इथे टाक. आणि हवा किती आहे ते.